बोरीवरची की कण्हेरीवरची

काल तुझं तेरावं झालं, वामन. पंगत उठली, मंडळी आपापल्या वाटेनं गेली, मीही गेलो. आणि आज चांगलं उजाडल्यावर पुन्हा तुझ्या फाटकापाशी येऊन उभा राहिलो. आत नाही आलो. कुंपणाशीच होतो, चष्मा पुसून पुसून बघत. तुझ्या बोरीवरची अमरवेल कण्हेरीवर गेली आहे, कण्हेरीवरून परत बोरीवर आली आहे, आणि मधल्या दोन हातांच्या जागेत कुठली कुणावर आहे हे ब्रह्मदेवालासुद्धा सांगता यायचं नाही. मी एक पिवळा तंतू चिमटीत धरला आणि त्याच्यामागे बोटं नेत गेलो. वीतभर बोर, मग कण्हेरीच्या फांदीला तीन वेढे, मग पुन्हा बोर, मग तुटला. रस्त्यानं तुमचा दूधवाला चालला होता. थांबून म्हणाला, "वैदजी, कुछ गिर गया क्या?" मी नाही म्हणालो.

मला एकच गोष्ट कळायला हवी आहे. त्या दिवशी पहाटे मी या कुंपणावरून जी अमरवेल तोडली, जिचा काढा करून तुला दिला, ती बोरीवरची होती की कण्हेरीवरची? बोरीवरची असेल तर तू तुझ्या आजारानं गेलास. कण्हेरीवरची असेल तर मी घालवलं तुला. चौदा दिवस झाले, मी हेच उलटसुलट करून राहिलो आहे आणि काही केल्या नक्की होत नाही.

काल लोकांनी तुझ्यावर भाषणं केली. नोकरी किती वर्षं झाली, कोणत्या साहेबानं शाबासकीचा कागद दिला, सरकारी बागेतली गुलाबाची रांग तू कशी लावलीस. मी समोरच्या पानातला भात चिवडत बसलो होतो आणि वहिनी आतून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, मित्र गेला म्हणून घास उतरत नाही. तेही खरंच आहे. पण निम्मंच खरं आहे.

आपली पहिली गाठ भांडणातच पडली, आठवतं? मी अमरावतीकडून इथं जबलपुरात नवा नवा आलो होतो. बडा फुहारा चौकामागच्या गल्लीत दुकान मांडलं होतं, आणि काविळीचे दोन रोगी गळ्यात पडले होते. अमरवेल हवी होती. कुणीतरी सांगितलं, सरकारी बागेच्या मागच्या कुंपणावर पिवळाधमक ढीग आहे. मी विळा आणि पिशवी घेऊन गेलो आणि सरळ कुंपणात शिरलो. मागून आवाज आला, "ऐ भैया, किसके हुकुम से?" मी वळून माझ्या त्या वेळच्या हिंदीत काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते मला आठवत नाही, पण तू इतका हसलास की तुला खाली बसावं लागलं. मग मराठीत म्हणालास, "अमरावतीकडचे काय?" मी म्हणालो, "काहून?" त्या वऱ्हाडी 'का'ला तू पुन्हा हसलास.

तुझे पणजोबा भोसल्यांच्या स्वारीबरोबर आले आणि इथंच राहिले, हे तू मला त्याच बैठकीत ऐकवलंस. तुमची मराठी मला आधी मराठीच वाटेना. दर दोन वाक्यांना एक 'अच्छा' आणि एक 'चलो'. आणि माझं 'जाऊन राहिलो, खाऊन राहिलो' ऐकलं की तू घरी जाऊन वहिनींना नक्कल करून दाखवायचास. मला कळायचं ते. वहिनीच सांगायच्या.

त्या दिवशी तू मला अमरवेल नेऊ दिलीस, पण हे औषध आहे ही गोष्ट काही तुझ्या गळी उतरली नाही. तू बागेचा दरोगा, सगळे माळी तुझ्या हाताखाली. तुझ्या लेखी ती चोरटी. तिला जमिनीत मूळ नाही, अंगावर पान नाही, दुसऱ्याच्या फांदीला विळखा घालायचा, तिथं दात रोवायचे आणि त्याचा रस पिऊन वाढायचं. तू माळ्यांकडून ती ओरबाडून काढायचास आणि एकेक तुकडा वेचून जाळायचास, कारण बोटभर तुकडा जरी दुसऱ्या झुडपावर पडला तरी तिथं पुन्हा चालू. मला ते जाळणं बघवायचं नाही. मी तुला म्हणायचो, अर्ध्या जबलपूरची कावीळ तू चुलीत घालतोस. शेवटी ठरलं, की काढलेली अमरवेल पोत्यात भरून माझ्या दुकानी यायची. फागूलाल माळी ते पोतं माझ्या पायरीवर आपटायचा आणि म्हणायचा, "लो वैदजी, साहब ने बीमारी भेजी है।"

आणि तो मेमसाहेबांचा प्रसंग! कमिशनरसाहेबाची बाई बागेत यायची होती, तू आठ दिवस राबून कुंपण निवडून काढलंस, आणि मी शहाणा आदल्या दिवशी उघडी टोपली घेऊन त्याच कुंपणाच्या कडेनं गेलो. पावसाळी दिवस होते. बाई काही ना काही कारणानं महिनाभर लांबली आणि ती आली तेव्हा मेंदीच्या कुंपणावर चार ठिकाणी पिवळी जाळी पसरली होती. बाई त्या जाळीपुढे थांबली, छान आहे म्हणाली, हा सोनेरी वेल असाच राहू द्या म्हणाली. हुकूमच झाला. तू वर्षभर दात ओठ खात आपल्या हातानं त्या अमरवेलीची निगा राखलीस, आणि त्या वर्षभरात माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोललास. त्यातली सहा शिव्या होत्या.

पण हेही लिहिलं पाहिजे. मला कुंपणाशी उभं राहून सकाळी हेच आठवत होतं आणि म्हणूनच पाय आत वळेनात. बागेत जिचा तुकडाही तू जिवंत ठेवला नाहीस, ती तुझ्या घरच्या बोरीवर कशी काय राहिली? माझ्यामुळे. मी एकदा तुझ्या विहिरीवर जुडी धुतली आणि उरलेला कचरा कुंपणाकडे भिरकावला. पंधरा दिवसांनी बोरीवर पिवळं दिसलं. मी म्हटलं, आता वामन माझं डोकं फोडतो. फागूलाल विळा घेऊन आला तर तूच त्याला थांबवलंस. म्हणालास, असू दे, वैद्याची शेती आहे. तुझी बोर दर वर्षी थोडी थोडी सुकत गेली, बोरं आधी लहान झाली मग यायचीच बंद झाली, आणि तू तिला हात लावला नाहीस. मी दर वेळी जुडी नेताना म्हणायचो, बघ, कामी येते की नाही. आभार मानल्याचं मला आठवत नाही.

आपला खरा वाद वेगळाच होता आणि तो तसाच अर्धवट राहिला. तू म्हणायचास, अमरवेल ज्याचं पिते त्याच्यासारखी होते. कण्हेरीवर वाढली तर तिच्यात कण्हेरीचं विष येणार. फागूलालच्या दोन बकऱ्या कण्हेरीवरची अमरवेल खाऊन मेल्या असं तू सांगायचास. मी म्हणायचो, बकऱ्यांनी कण्हेरीची पानंच खाल्ली असतील, बकरी काय निवडून खाते? माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं की झाड बघायचं ते बांडगुळाच्या बाबतीत, कारण बांडगूळ एकाच फांदीवर घर करून बसतं. अमरवेल फिरती, तिचा गुण तिच्यापाशी. तू म्हणायचास, तुझ्या वडिलांनी कधी बाग राखली होती का? मी म्हणायचो, तू कधी नाडी बघितली आहेस का? तिथून मग एकमेकांच्या खानदानावर जायचो, वहिनी चहा आणायच्या आणि आपण चहा पिऊन पुन्हा सुरू करायचो. माझी बायको वारल्यापासून रविवारचं माझं जेवण तुमच्याकडेच असायचं. कधी वादात हरायला लागलास की म्हणायचास, वैद्या, तू पण एक अमरवेलच आहेस, दर रविवारी माझ्या पोळ्यांवर वाढतोस. मी म्हणायचो, वहिनींच्या पोळ्या आहेत, तुझ्या कुठल्या.

या भाद्रपदात तू मला कुंपणाशी बोलावून दाखवलंस. बोरीवरची वेल शेजारच्या कण्हेरीवर गेली होती. म्हणालास, आता इथली नेऊ नको, आणि नेलीसच तर डोळे उघडून ने. फागूला सांगून कण्हेरीवरची काढून टाकतो. मी हसलो. आणि फागूलालला सांगायच्या आत तू पडलास.

तुझे डोळे पिवळे झाले तेव्हा मला वाटलं, ही तर रोजची कावीळ, पंधरा दिवसांत उठवतो. तू उठला नाहीस. पोट फुगलं, पाय सुजले. सिव्हिल सर्जन येऊन गेला, बाहेर ओसरीवर येऊन त्यानं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की यकृत संपलं आहे, फार तर महिना. मला ते पटलं नाही. पटवून घ्यायचं नव्हतं म्हण. मी म्हटलं, आजवर बाजारू पद्धतीनं काढलेली वेल वापरत आलो, म्हणून गुण येत नसेल. आता वडिलांच्या रीतीनं काढतो. आदल्या संध्याकाळी हळद-अक्षता वाहून वनस्पतीला निमंत्रण द्यायचं. पहाटे सूर्य उगवायच्या आत जायचं, दिवा न्यायचा नाही, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, उजव्या हातानं तोडायचं आणि पदरात घेऊन तसंच परतायचं. एक शब्द जरी तोंडातून गेला तरी गुण गेला.

संध्याकाळी मी अक्षता घेऊन आलो तेव्हा तुला ओसरीवर खाटेवर बसवलं होतं; आत जीव घुसमटतो म्हणून रात्रीही तू तिथंच असायचास. मी कुंपणाशी घुटमळत होतो, कारण निमंत्रण झाडाच्या मुळाशी ठेवायचं असतं आणि हिला मूळच नाही. तू तिथून म्हणालास, "वैद्या, निमंत्रण कुठं देऊन राहिला बे? तिचं घर कोणतं?" एवढं बोलायला तुला तीनदा दम घ्यावा लागला, पण माझी नक्कल केल्याशिवाय राहवलं नाही. मी बोरीच्या बुंध्याशी वाकून अक्षता टाकल्या. काटे टोचले. तुझ्याच शब्दाखातर बोर धरली होती मी, हे लक्षात ठेव. वाद सोडला नव्हता, पण आजारी माणसाला वर कशाला डिवचायचं म्हणून बोरीवरचीच घ्यायची असं ठरवून टाकलं होतं.

पहाटे आलो तर पौषातलं धुकं. हात पुढं केला तर हात दिसेना. खाली वाकून अक्षता शोधल्या, तर एकही दाणा नाही, चिमण्यांनी संध्याकाळीच टिपल्या असणार. मी चाचपत गेलो. बोटांना वेल लागली, गार, ओली. इथंच म्हटलं मनात. ओढायला लागलो आणि तू ओसरीवरून हाक मारलीस.

"वैद्या."

एकदाच. फार मोठ्यानं नाही. मी थांबलो. वामन, मी खरंच थांबलो, आणि माझ्या तोंडात 'काय रे' आलं होतं. पण ओ दिली असती तर रीत मोडली असती, वळलो असतो तर रीत मोडली असती, आणि मला काहीही करून तुला उठवायचं होतं. म्हणून मी ओ दिली नाही. तू पुन्हा हाक मारली नाहीस. मी ओंजळभर वेल पंचाच्या पदरात घेतली आणि तसाच मागं न बघता दुकानी आलो.

काढा घेऊन आलो तेव्हा तुझा डोळा लागला होता. वहिनींकडे वाटी दिली, उठले की द्या म्हणालो आणि सराफ्यात एका रोग्याकडे जायचं होतं म्हणून गेलो. संध्याकाळी परत आलो तर तुला उलट्या होत होत्या. तुझा हात हातात घेतला. नाडी फार सावकाश चालली होती आणि मधेमधे गळत होती, एक ठोका, दोन ठोके, मग काहीच नाही, मग पुन्हा. यकृत संपलेल्या माणसाची नाडी अशी होते का? होते कधी कधी. कण्हेर पोटात गेलेल्याची? अशीच होते. वडिलांच्या हाताखाली मी एकदा बघितली आहे ती नाडी. त्या वेळी ते माझ्या मनात आलं नाही, असं मी तेरा दिवस स्वतःला सांगत होतो. आज लिहिताना सांगतो, आलं होतं. तुझं मनगट हातात असतानाच आलं होतं. मी ते ढकलून दिलं आणि तुझ्या कपाळावर ओला फडका ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी दिव्याखाली हात धरून बघितले. बोरीत हात घातला असेल तर काटे लागायला हवेत. उजव्या हातावर दोन ओरखडे होते. मला इतका आनंद झाला की मी खाली बसलो. मग आठवलं, आदल्या संध्याकाळी अक्षता टाकताना टोचलेच होते. ते ओरखडे पहाटेचे की संध्याकाळचे? पहाटे काही टोचल्याचं आठवत नाही. पण थंडीनं बोटं बधिर होती, टोचलं तरी कळलं नसतं. काढून टाकलेला चोथा तपासला, तर उकळलेल्या वेलीवरून काय कळणार? मी चोथा चाखून बघितला. तोंड कडू झालं, पण अमरवेल कडूच असते. ग्वारीघाटावर तुझ्या अस्थी सोडताना नावाडी, भटजी सगळे काही ना काही बोलत होते आणि मी नर्मदेच्या पाण्यात हात बुडवून ओरखडे बघत होतो. ते बुजत चालले होते.

कधी वाटतं, मी उगाच जीव टांगून घेतला आहे. तू ओसरीवर होतास, तू बघत होतास, मी कण्हेरीशी असतो तर तू ओरडला असतास. मग वाटतं, ओरडलासच ना. मग वाटतं, ती नुसती हाक होती, थंडी वाजते म्हणून, पाणी हवं म्हणून, किंवा मी आलो हे बघून बरं वाटलं म्हणून. माणूस मित्राला नुसती हाक मारत नाही का? असं मी हाकेच्या त्या एका शब्दाभोवती फिरत राहतो आणि दुकानाचं दार लावून घेतो. तेरा दिवसांत मी कुणाला पुडी दिलेली नाही.

आज दुपारी मात्र आत आलो. असह्य झालं म्हणून आलो, काही शौर्य नाही त्यात. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: अक्षता, धुकं, बोर, कण्हेर, नाडी. म्हणालो, "वहिनी, माझ्या काढ्यानं गेला असेल वामन. मला नक्की सांगता येत नाही, पण गेला असेल." त्यांचे हात सुपात थांबले. मग म्हणाल्या, बसा. मी बसलो.

"भाऊजी, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "ते तुमचे काढे कधी घेतच नव्हते."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी नीट सांगितलं. तीस वर्षांत एकदाही नाही. कडू तुला सोसायचं नाही. त्या वाटी द्यायच्या आणि तू ती मागच्या जाईच्या बुंध्याशी ओतायचास. ताप यायचा, आपोआप उतरायचा. खोकला सरकारी दवाखान्याच्या बाटलीनं जायचा. आणि रविवारी मी विचारलं की तू मान डोलवायचास, बरं वाटलं वैद्या, तुझ्या हाताला गुण आहे. वहिनींना शपथ घातली होती की माझ्यापाशी बोलायचं नाही.

मला राग आला, वामन. सांगायला लाज वाटते, पण आधी रागच आला. तोंडात मारल्यासारखं झालं. मी ते काढे निखाऱ्यावर तासन् तास आटवले होते. त्याच्यामागून मग असं काही हलकं वाटलं, की मी उठून उभाच राहिलो. म्हणजे हाही ओतला असेल. म्हणजे तू माझ्या काढ्यानं गेला नाहीस. मी विचारलं, "म्हणजे हाही?"

वहिनींनी मान हलवली. "हा प्याले. तळाशी राहिलेलाही बोटानं काढून प्याले. मी म्हटलं, ओतू का? तर म्हणाले, नको. एवढ्या थंडीत गुडघे दुखत असताना अंधारात उठून आला तो. दे इकडे."

मी पुन्हा बसलो. मग मी हाकेचं विचारलं. त्या तुझ्या शेजारीच होत्या म्हणे. धुक्यातून त्यांना माझा पांढरा मफलर तेवढा अंधुक दिसत होता. तुला काय दिसत होतं, देव जाणे. तू हाक मारलीस, मी वळलो नाही, आणि तू वहिनींना म्हणालास, आता तो बोलायचा नाही, राहू दे. एवढंच. पुढं काही नाही. काय सांगायचं होतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

म्हणजे काय धरू मी? तुला दिसलं होतं आणि तू मुद्दाम प्यालास? महिनाच उरला आहे हे तुला कुणी सांगितलं होतं का? की तुला काहीच दिसलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत एकदा तरी मित्राचं औषध घ्यावं असं वाटलं, आणि नेमकं ते हेच निघालं? की ती बोरीवरचीच होती, आणि तू प्यालास, आणि गुण आला नाही, जसा माझ्या काढ्यांचा बहुधा कुणालाच येत नसावा? तिन्ही खरी वाटतात. तिन्हींत तू प्यालास. त्याच्यासाठी मी तुझे पाय धरावेत की तुझ्या नावानं बोटं मोडावीत, मला खरंच समजत नाही.

निघताना मी म्हटलं, उद्या माणूस घेऊन येतो आणि ती वेल दोन्ही झाडांवरून काढून जाळतो. वहिनी म्हणाल्या, काढा, तुम्हाला वाटत असेल तर. मग चपला घालत होतो तर मागून म्हणाल्या, "भाऊजी, तेरा दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या. झोपेचं काही असेल तर द्या."

मी म्हणालो, "मी दुकान बंद केलं आहे, वहिनी. सरकारी दवाखान्यात चांगलं औषध मिळेल, मीच आणून देतो."

"दवाखान्याचं नको," त्या म्हणाल्या. "तुमचं द्या. मी पिईन."

म्हणून मी दुकान उघडून बसलो आहे. जटामांसी द्यायची, दुधातून, चिमूटभर. यात चूक व्हायला जागा नाही. हे मूळ डोळे मिटूनसुद्धा ओळखू येतं, इतका त्याला वास असतो. डबा समोर आहे. वर माझ्याच अक्षरात नाव लिहिलं आहे. मी दोनदा झाकण काढून वास घेतला, तीच आहे. मग लावून ठेवलं, तुला हे लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता पुन्हा नक्की वाटेनासं झालं. वहिनी जाग्या असतील. उठतो, अजून एकदा वास घेऊन बघतो.